खाली ठेवलेला पेला

“विधवेच्या तोंडचा घास काढून गावाची तहान भागवायची? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही,” हमूद म्हणाला आणि त्याने डोळे टिपले.

गावाची बैठक भरली होती. हमूद पाटाचा कारभारी. डोंगराच्या पोटातून येणारं पाणी कधी कुणाच्या खजुरांकडे वळवायचं, हे तोच ठरवायचा. आता वळवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाटाच्या तळाला बोटभर पाणी, त्यावर मेलेल्या मुंग्या. खजुरांनी माना टाकल्या होत्या. हिरवी होती ती एकट्या हमूदची लिंबं. उंच भिंतीआड. टँकर मागवतो म्हणे.

“काका, पाणी ती वेडी बाभूळ पितेय!” खलफान ओरडला. त्याची अर्धी बाग जळाली होती. “सगळा ओढा गिळलाय तिनं. उपटायचं म्हटलं की दर वर्षी तुम्हाला दया येते. आमची नाही येत ती कधी!”

“आणि त्या विधवा जुवैनाच्या शेळ्यांनी काय खायचं, लेका? तुझी दाढी?”

लोक हसले. कारभाऱ्याच्या विनोदाला हसावंच लागतं.

खलफान खोटं बोलत नव्हता. त्याचा बाप पोरगा होता तेव्हा साहेबलोक गाड्या भरभरून या बाभळीची रोपं घेऊन आले होते. डोंगर हिरवा करतो म्हणाले. रोपं लावली, फोटो काढले, गेले. डोंगर होता तसाच राहिला. ओढा मात्र हिरवा झाला, इतका की माणसाला आत पाऊल टाकता येईना. शमीची म्हातारी झाडं त्या काट्यांत गुदमरून मेली. एक तेवढी उरली, तिचाही नुसता शेंडा दिसायचा. पूर्वी शेळ्या शमीचा पाला खायच्या. आता बाभळीच्या शेंगा खायच्या आणि लेंड्यांतून तिचंच बी पेरत फिरायच्या. गावाने तेही जुवैनाच्या माथी मारलं. साहेबांच्या माथी मारायला साहेब होते कुठे?

पण रीत होती. ओढ्यातला चारा शेळीवाल्यांचा. गावात शेळ्या आता एकट्या जुवैनाकडे. ती हो म्हणेपर्यंत तिथे कुऱ्हाड चालणार नव्हती. म्हणून आज तिला बोलावणं होतं.

ती आली आणि उंबऱ्याशीच बसली. मागोमाग तिची पांढरी शेळी आली आणि तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून उभी राहिली.

“या, शेळ्यांच्या आई! लेकीलाही आणलंत वाटतं मसलतीला!” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

जुवैना शेळीकडे वळली. ओढणीच्या टोकाने शेळीची दाढी पुसली. ओलं टोक मुठीत धरून ठेवलं.

हमूदने स्वतः किटली उचलली. कॉफी ओतली, पेला तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला. ओठाला लावला नाही. जमिनीवर ठेवला.

याचा अर्थ बैठकीला कळला. पाहुण्याने न पिता पेला खाली ठेवला, म्हणजे त्याला काही मागायचं आहे. ते मिळेपर्यंत तो पिणार नाही. आणि पेला तसाच गार झाला, तर ओतणाऱ्याला चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

“काकी, बाभूळ राखा असं नका मागू हो,” खलफान हात जोडून म्हणाला. “तुमच्या पाया पडतो. पाणी गेलं तर गाव उठेल.”

हमूद गालात हसला. ती काय मागणार, ते त्याला ठाऊक होतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“पी, बहिणी,” तो खणखणीत आवाजात म्हणाला. “मागशील ते दिलं. अल्लाची शपथ.”

“दिलं?”

“सगळ्यांसमोर दिलं.”

“मग ओढा साफ करा. एकही बाभूळ ठेवू नका. सुरुवात तुमच्या बागेच्या भिंतीपासून.”

हमूदने किटली खाली आदळली. “अगं, वेडबिड लागलं काय? उपाशी मरतील तुझ्या शेळ्या! तुझ्यासाठीच तर मी इतकी वर्षं...”

“भाऊ, पेला गार होतोय.”

सगळे हमूदकडे बघत होते. शेवटी त्याने होकाराची मान हलवली. जुवैनाने पेला उचलला आणि एका घोटात रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी खलफान खोदाईचं यंत्र घेऊन आला, मागोमाग गावकरी. हमूदला ताप भरला होता म्हणे, तो घराबाहेर पडला नाही. जुवैना मात्र आली. कळप तिने पहाटेच व्यापाऱ्याच्या गाडीत चढवला होता. पांढरी शेळी तेवढी मागे ठेवली होती.

काटेरी बुंधे मुळासकट वर आले. दुपारपर्यंत ती एकटी शमी उघडी पडली. अर्धी वाळलेली. तिच्या बुंध्याशी सिमेंटचा चौथरा होता. चौथऱ्यावर पंप. पंपापासून मांडीएवढा काळा पाइप थेट हमूदच्या भिंतीकडे गेला होता. पाटाचा उगम या ओढ्याखालीच; त्याला असं भोक पाडणं म्हणजे या डोंगरात खुनाएवढं पाप.

खलफानने यंत्र बंद केलं. पंपाची घरघर आता सगळ्यांना ऐकू येत होती.

“काकी, ठाऊक होतं तुम्हाला? मग कधी बोलला का नाहीत?”

“शेळीवालीचं ऐकलं असतंत? कारभाऱ्याच्या विरुद्ध?”

खलफान पाइपाकडे वळला. पाइपाच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं. पांढरी शेळी माणसांच्या पायांतून वाट काढत पुढे आली, इकडेतिकडे न बघता थेट त्या सांध्यापाशी गेली आणि रोजच्यासारखी पाणी पिऊ लागली.