ढगांतला सुपरहिरो

१९४० साली मॅनहॅटनमधल्या एका खोलीत बसून आठ चित्रकार एकाच कॉमिकसाठी आठ सुपरहिरो काढत. त्यातल्या सेमूरला माणसाची पावलं काही केल्या जमत नसत. काढायला जावं तर बटाटे व्हायचे. म्हणून त्याचा हिरो सदा ढगांतून उडायचा, आणि उतरलाच तर गुडघाभर गवतात.

एके दिवशी मालक ग्लॅट्झर तरातरा त्याच्या टेबलापाशी आले. सेमूरला वाटलं, फुटलं आपलं बिंग.

“गाढवा, पोरांची पत्रं पोत्यांनी आलीत! बाकीचे सातही जमिनीवर चालतात, तुझाच तेवढा उडतो म्हणे! पुढच्या अंकातला नवा हिरोही तूच काढायचास.”

सेमूरची छाती फुगली. “कोण आहे हा नवा?”



“जगातला सगळ्यात वेगवान धावपटू. आणि हो, अनवाणी धावतो.”