शाळेतली एकुलती एक कीड

नाशिकहून दंतवैद्यकाचे विद्यार्थी धडगावच्या आश्रमशाळेत किडलेला दात शोधायला आले होते. चित्राबाहेर त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. मुलांनी हौसेने तोंडं उघडली. दाढांवर कीड रोखणारा, दातांसोबत वाढणारा जिवंत लेप चमकत होता. कीड कुठेच नव्हती.

"मॅडम, एकही नाही?" एक विद्यार्थिनी हिरमुसून म्हणाली.

सत्तरीच्या डॉक्टर हेमलता वळवी हसल्या. हा लेप पाड्यापाड्यावर जाऊन पहिल्यांदा त्यांनीच लावला होता, तेव्हा घाबरलेल्या आया मुलांना लपवून ठेवत. त्या ऐटीत खुर्चीवर बसल्या.

"माझ्या लहानपणी लेप नव्हता. या, माझी दाढ बघा. इथे किडलेली एवढीच आहे."

विद्यार्थ्यांच्या आधी मुलांनीच गर्दी केली.