बाप्तिस्म्याचा झगा

दोन आया असलेल्या बाळाला बाप्तिस्मा द्यावा की नाही, यावर जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या एका पॅरिशमध्ये तीन महिने काथ्याकूट चालला होता. शेवटी वसईहून आलेल्या हिल्डाबाईंनीच तिथल्या केरळी फादरांना गाठून तोडगा काढला: बाळाला जन्म देणारी काट्रिन आई आणि तिची जोडीदार असलेली आपली लेक रेनिता फक्त धर्ममाता, म्हणजे गॉडमदर. फादरांचा जीव भांड्यात पडला. हिल्डाबाईंनी हरखून बाप्तिस्म्याचा पांढरा झगा इस्त्रीला घेतला. रेनितालाही त्यांनी हाच घातला होता. बाप्तिस्म्याच्या फॉर्मवर धर्ममातेच्या रकान्यात आपलं नाव पाहून रेनितानं तो परत आईपुढे सरकवला. "अगं, आपल्याकडे पाण्यापाशी बाळ धर्ममातेच्याच हातात असतं. म्हणजे तूच घेणार ना!" हिल्डाबाई समजावू लागल्या. काट्रिन बाळाला घेऊन आत निघून गेली. रेनितानं अजून कोमट असलेल्या झग्याची घडी घातली आणि आईच्या बॅगेत ठेवली. "मम्मी, धर्ममातेच्या आईला बाळ काय म्हणतं गं?"