दोरीचं दुसरं टोक

"बाल्कनीत कपडे वाळत घालता येणार नाहीत," एजंट बाई म्हणाली. "इमारतीचा नियम आहे. पण आत ड्रायर आहे, अगदी नवा."

बेरिल सातव्या मजल्याच्या कठड्याला धरून उभी होती. खाली लीड्सची जुनी गोदी होती. हिरवट पाण्यात दोन रंगवलेल्या बोटी स्वस्थ पडल्या होत्या.

"आणि समोर कोण राहतं?" तिने विचारलं.

"समोर पाणी आहे."

"पाणी दिसतंय मला, बाई. पाण्यापलीकडे?"

"ऑफिसं आहेत. संध्याकाळी पाचनंतर चिटपाखरू नसतं. एकदम शांत." एजंट बाई डॅरेनकडे वळली. "आजच कळवा हं. उद्या आणखी दोघं बघायला येणार आहेत."

डॅरेनने मान डोलावली. आईसाठी घर बघायला तो ब्रिस्टलहून सुट्टी काढून आला होता, तेही तिच्याच सांगण्यावरून. "मला हेअरहिल्समधून बाहेर काढ," असं ती फोनवर म्हणाली होती. त्या वस्तीतल्या एकाच गल्लीत जन्मलेली आणि तिथेच म्हातारी झालेली बाई असं म्हणाली, तेव्हा त्याला आधी खरंच वाटलं नव्हतं. पण तिचा विचार बदलायच्या आत काम उरकावं म्हणून त्याने कारण विचारलं नाही.

सकाळपासून ते शहरभर फिरत होते. हेडिंग्लीत, क्रिकेटच्या मैदानामागे, एक आटोपशीर घर होतं. समोर विद्यार्थी राहत होते, दर जुलैला बदलणारे. "म्हणजे नावं पाठ होईपर्यंत हे पसार," बेरिल म्हणाली. चॅपल ॲलर्टनमध्ये कॉफीच्या दुकानांबाहेर कुत्रीसुद्धा स्वेटर घालून बसली होती. तिथल्या घरासमोर दोन पुरुष उंचीचं कुंपण होतं. तिने टाचा उंच करून पाहिलं, मग नाद सोडला. राउंडहेला तळ्याकाठची जागा तर डॅरेनलाच हवीहवीशी वाटली. समोर नुसती झाडं.

"झाडांना काय, चहाला बोलवू?"

"आई, आपण घर बघतोय की नवरा?" डॅरेन शेवटी वैतागला.

"नवरा बघताना एवढं बघितलं असतं, तर तुझं नाक असं झालं नसतं."

आता ते परतत होते. चढावर गाडी हळू झाली तेव्हा म्हणाली, "ते पाण्यावरचं घे. खिडक्या तरी मोठ्या आहेत."

"नक्की?"

"कळवून टाक त्या बाईला. घरी पोचलो की लगेच."

हेअरहिल्सच्या त्या गल्लीतली घरं पाठीला पाठ लावून बांधलेली आहेत. मागे अंगण नाही, मागचं दारही नाही. कपड्यांची दोरी टाकायची तर ती रस्त्यावरून, थेट समोरच्याच्या भिंतीपर्यंत. त्यामुळे समोरच्याशी पटलं नाही तर कपडे घरातच वाळवावे लागतात. बेरिलच्या दोरीचं दुसरं टोक लग्नापासून मेव्हिसच्या भिंतीला होतं. सोमवारी बेरिलचं धुणं, मंगळवारी मेव्हिसचं. दोघींची भांडणं झाली, अबोले झाले, पण दोरी कुणी सोडली नाही. गेल्या हिवाळ्यात मेव्हिस गेली. तिचं घर विकलं गेलं आणि नव्या मालकाने भाड्याने द्यायच्या आधी रंग देताना भिंतीतली कडी उपटून भोक बुजवलं. तेव्हापासून बेरिलची दोरी दारामागे गुंडाळून टांगलेली होती. चादरी जिन्याच्या कठड्यावर वाळत, आणि घराला ओलसर वास येई.

डॅरेनने गाडी गल्लीत वळवली आणि करकचून ब्रेक दाबला.

रस्त्यावर आडवं धुणं फडफडत होतं. चादरी, लहान मुलांचे मोजे, मधोमध एक लांबच लांब केशरी वस्त्र. दोरीचं एक टोक मेव्हिसच्या जुन्या भिंतीला होतं आणि दुसरं बेरिलच्या.

त्याने हॉर्न वाजवला. समोरच्या दारातून एक तरुण बाई धावत आली. कडेवर बाळ, दुसऱ्या हातात लांब काठी. तिने काठीने दोरी उचलून धरली आणि गाडीला जायला वाट केली. सुदानहून आलेलं हे कुटुंब महिन्याभरापूर्वी तिथे भाड्याने राहायला आलं होतं. बेरिल अजून त्यांच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

पण बेरिल गाडीतून उतरली होती.

"मावशी, रागावू नका," ती बाई घाईघाईने म्हणाली. "सकाळी दार वाजवलं होतं, तुम्ही नव्हता. तुमच्या भिंतीची कडी रिकामी दिसली. आमच्या बाजूला नवऱ्याने नवी ठोकली. काढते लगेच."

 आपल्या भिंतीपाशी जाऊन बेरिलने दोरी ओढून पाहिली. मग रस्ता ओलांडून नवी कडी हलवून पाहिली. कडी घट्ट बसली होती. आईचा ताठ चेहरा पाहून डॅरेनने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. भांडण व्हायच्या आत तिला घरात न्यायला हवं होतं.

"आई, राहू दे ना. चल, एजंटला फोन करायचाय."

बेरिलने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिने बाळाचा दोरीवरून घसरू लागलेला मोजा सरळ केला आणि चिमटा घट्ट दाबला.

"आज सोमवार आहे," ती त्या बाईला दरडावून म्हणाली. "सोमवार माझा. तू मंगळवार घ्यायचास."