ओवी आधीच पोहोचली

इंटरनेट नवं होतं. जळगावात पितांबर प्रोग्राम लिहायचा आणि रोजचे बदल मोडेमवरून धुळ्याच्या संगणकावरच्या मूळ प्रतीत चढवायचा. प्रत्येक बदलाशेजारी, खूण म्हणून, आईची एक ओवी.

आठवडाभर त्याचे बदल त्याच्याआधीच तिथे पोहोचत होते, धुळ्यातल्या, कामातल्या जोडीदाराच्या, छगनच्या नावावर. आज तर ओवीही तीच निघाली, जी त्याने अजून मनातच घोळवली होती.

भरदुपारी त्याने फोन लावला. “छगन, मी पितांबर. भाऊ म्हनस नि मन्हंच काम चोरस?”

“पितांबर?” छगन गोंधळला. “तो तर आठेच शे, मन्हा शेजारे बठेल.”

पलीकडे छगनच्या शेजारून येणारी बटणांची टकटक थांबली.

“कोन शे रे, छगन?” आवाज पितांबरचाच, तसाच किंचित घोगरा.



“कोनी नही, भाऊ,” त्या आवाजाला छगन मायेने म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.