आईचं पोट कोणामुळे दुखतं?

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा: मेरिदा शहरातलं उन्हाने तापलेलं घर, संडासाचं बंद दार आणि बाहेर बसलेली सात वर्षांची मिर्ना. आत तिची आई पोट धरून बसली आहे. जरा ताण आला की तिची आतडी पिळवटतात. “तुझ्या हट्टामुळेच आईचं पोट बिघडतं,” असं आजी एकदा चिडून म्हणाली. तेव्हापासून मिर्ना घरात काही मागतच नव्हती. आई बाहेर आली आणि टांगलेल्या जाळीच्या झोळीत आडवी झाली. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे पोटावर हात ठेवून तिने सावकाश श्वास घेतले. हळूहळू कळ ओसरली. “मी गप्प बसले म्हणून थांबलं ना?” मिर्नाने विचारलं. आई दचकली. “अगं वेडाबाई, हे दुखणं तुझ्याहून म्हातारं आहे! आजीला काय कळतंय?” मिर्ना हसली नाही. ती झोळीत चढली आणि “माझंही दुखतं,” म्हणत आईचा हात तिने स्वतःच्या पोटावर ठेवला.