पाच वाजायच्या आत

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी त्याच्या नजरेतून एक टिंब निसटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

छापखान्यात औषधांची माहितीपत्रकं छापली जात. त्याच्या जोडीला बसणाऱ्या बाई मूळ कागद मोठ्याने वाचत, तो छापील प्रतीवर पेन्सिल फिरवत जाई. पान संपलं तसं बाईंनी वाकून त्याच्या प्रतीवर बोट ठेवलं.

"मी शून्य दशांश पाच म्हटलं. टिंब कुठाय?"

टिंब नव्हतं. शून्याला चिकटून पाच उभा होता. लहान मुलांच्या औषधाचा डोस दसपट झाला होता.

"शेवटचा दिवस म्हणून लोकांची पोरं मारणारेस का रे?"

त्याला हसता आलं नाही. त्याने शून्य आणि पाचाच्या मध्ये टिंबाची खूण केली.

महिन्यापूर्वी त्याने राजीनामा दिला तेव्हा भीती नव्हती. कवितांची वही भरली होती आणि पाठीशी कविवर्य होते. तीस वर्षं नुसत्या लेखणीवर जगलेला, कुणाच्या दारात उभा न राहिलेला माणूस. दर रविवारी तो त्यांच्याकडे जाई. "पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, गड्या," ते म्हणत. आणि नोकरीबद्दल खोदून खोदून विचारत. किती वाजता जातोस, दिवसाला किती पानं, रजा किती, साहेब तापट आहे का.

एकदा त्याने विचारलंही, "तुम्हाला कशाला हो हे?"

"बेडी किती जाड आहे ते कळल्याशिवाय तोडायची कशी?"

त्या रात्री त्याने राजीनाम्याचा मसुदा लिहिला होता.

बायको आधी चेष्टा करायची. "कवितेला फंड कापतात का हो?" गेला आठवडाभर तिने चेष्टा सोडली होती. आज सकाळी ती मुलीच्या बुटावर अंगठा दाबून बघत होती. "टेकतंय बोट. पण चालेल अजून," ती स्वतःशीच म्हणाली. त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही.

"माघार घे," बाई म्हणाल्या.

"लोक हसतील."

"हसू देत. लोक काय तुझ्या घरी डबा पोचवणारेत? साहेब पाचला राजीनाम्याचे कागद वरच्या ऑफिसला पाठवतात. अजून वेळ आहे. ऊठ."

तो उठला. साहेबांच्या खोलीकडे जिना उतरू लागला. कविवर्यांना रविवारी काय तोंड दाखवायचं, हा विचार एकदा आला. मग मुलीचा बूट आठवला आणि तो विचार गेला.

साहेब कागदांना टाचण्या लावत होते.

"साहेब, राजीनामा मागे घ्यायचाय."

साहेबांनी चष्मा काढला. "आत्ता? अरे, जागा भरली. उद्यापासून माणूस येतोय."

"तपासणीचं काम येतं त्याला? दशांश, मात्रा, सगळं?"

"तुझ्यापेक्षा वयाने मोठा आहे, पण तयारीचा. मुलाखतीत एक प्रश्न अडला नाही. दिवसाला किती पानं, तेसुद्धा मी सांगायच्या आधी त्यानेच सांगितलं. मला तर वाटलं, इथेच काम केलंय की काय." साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "वाईट वाटतंय रे मला. पण शब्द दिलाय. आता आलाच आहेस तर हा त्याचा अर्ज तेवढा नजरेखालून घाल, फायलीला लावायचाय."

त्याने अर्ज घेतला. नाव कविवर्यांचं होतं.

नऊ वर्षांच्या सवयीने पेन्सिल पहिल्या ओळीपासून खाली सरकत गेली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पेन्सिल तारखेपाशी थांबली. ती त्याच्या राजीनाम्याच्या नऊ दिवस आधीची होती.